वर्कस्टेशनचं महागडं कार्ड गेमसाठी घ्यावं का?

फर्मागुडीला इंजिनिअरिंगला किंवा आल्तिनोवर आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला, की घरात नव्या संगणकाचा विषय निघतो. अभ्यास त्याच्यावर, गेमही त्याच्यावरच. अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतं, ‘घ्यायचंच तर प्रोफेशनल ग्राफिक्स कार्ड घ्या, एवढं महाग आहे म्हणजे गेम पळणारच.’ प्रोफेशनल म्हणजेच वर्कस्टेशनचं कार्ड, डिझाइन-इंजिनिअरिंगच्या कामाच्या संगणकासाठी बनवलेलं. गेमपुरता हा सल्ला बहुतेक वेळा चुकतो.

२०२१ साली बाजारात आलेली एनव्हिडिया या ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपनीची दोन कार्डं शेजारी ठेवून पाहा. आरटीएक्स ३०७० टीआय हे गेमचं कार्ड, जाहीर किंमत ५९९ डॉलर. आरटीएक्स ए४००० हे वर्कस्टेशनचं, सुमारे १००० डॉलर. दोन्हींत चिप एकच, जीए१०४, आणि कोअरही (हिशेब करणारे छोटे भाग) सारखेच, ६१४४. पण ३०७० टीआयला २९० वॉट मिळतात, ए४०००ला फक्त १४०. निम्म्या विजेवर तीच चिप चालवायची तर तिचा क्लॉक (चालण्याचा वेग) उतरवावाच लागतो. मेमरीचंही तसंच. ए४०००वर १६ जीबी आहे, पण तिचा वेग सेकंदाला ४४८ जीबी. ३०७० टीआयवर ८ जीबीच, पण वेग ६०८ जीबी. त्यामुळे बहुतेक गेममध्ये स्वस्त कार्ड पुढे राहतं. ए४००० बाजी मारतं ते एखाद्या नव्या गेमचं टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं) ८ जीबीत मावत नाही तेव्हा. त्या वेळी ३०७० टीआयला संगणकाच्या रॅमकडे धावावं लागतं आणि चित्र मध्येमध्ये अडखळतं.

मग वरचे पैसे जातात कुठे? मोठा भाग ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आणि प्रमाणपत्रांत. जहाजाच्या इंजिनरूमचं कॅड मॉडेल (संगणकावर काढलेला आराखडा) डोळ्यांसमोर आणा: हजारो पाइप, प्रत्येकाच्या कडा बारीक रेषांनी काढलेल्या, आणि डिझायनर ते सगळं माउसने फिरवतोय. असं काम बऱ्याचदा ओपनजीएल या चित्र काढण्याच्या प्रणालीवर चालतं. रेषा गुळगुळीत काढणं, मॉडेल मधून कापून दाखवणं यासाठी प्रोफेशनल ड्रायव्हरमध्ये खास सोयी असतात, आणि कॅड कंपन्या ठरावीक कार्ड व ड्रायव्हरची जोडी तपासून मान्यता देतात. सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमधलं ‘रिअलव्ह्यू’ (मॉडेल खऱ्यासारखं दाखवणारी सोय) साध्या गेमिंग कार्डावर चालूच होत नाही, ते यामुळेच. गेमचं काम वेगळं असतं. तिथे टेक्स्चर चढवलेले त्रिकोण डायरेक्टएक्स किंवा वल्कन या तशाच दुसऱ्या प्रणालींमधून रंगवायचे असतात. रेषांच्या सोयींचा तिथे काही उपयोग नाही.

दुसरी महाग गोष्ट म्हणजे ईसीसी मेमरी, चुकलेला बिट स्वतः दुरुस्त करणारी. रात्रभर चालणाऱ्या गणितात एक बिट उलटला तर अख्खं उत्तर वाया जाऊ शकतं. गेममध्ये एखादा ठिपका चुकला तर सेकंदाला ६० फ्रेमच्या (चित्रांच्या) वेगाने ती फ्रेम जवळपास १७ मिलिसेकंदांत पडद्यावरून गेलेली असते. अशा कार्डावर गेम खेळायचेच असतील तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये ईसीसी बंद करावी, नाहीतर तिच्यापायी वेग थोडा कमी होतो.

सगळ्यात वरच्या थरात महाग कार्ड खरोखर वेगवान असतं, हेही सांगायला हवं. आरटीएक्स प्रो ६००० ब्लॅकवेलमध्ये २४,०६४ कोअर आणि ९६ जीबी मेमरी आहे. आरटीएक्स ५०९०मध्ये त्याच चिपचे २१,७६० कोअर आणि ३२ जीबी. कोअर जेमतेम ११ टक्के जास्त, किंमत मात्र बाजारात आली तेव्हा सुमारे चौपट होती. गेमला ९६ जीबी लागतच नाही. ती मेमरी मोठी एआय मॉडेलं आणि अवजड थ्रीडी दृश्यं यांच्यासाठी असते.

एका जागी मात्र वर्कस्टेशनचं कार्ड मनापासून सुचवावंसं वाटतं: ऑफिसातून निघालेल्या छोट्या, आडव्या कॅबिनेटच्या पीसीत. आरटीएक्स ए२००० अर्ध्या उंचीचं आहे, ७० वॉटवर चालतं, आणि मदरबोर्डवरचा स्लॉट (कार्ड बसवायची खाच) स्वतःच ७५ वॉट देऊ शकत असल्याने त्याला एसएमपीएसमधून (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) वेगळी वायर लागत नाही. १०८०पीवर मध्यम सेटिंग ठेवून ते छान चालतं. घेण्याआधी तीन गोष्टी बघा. कार्ड कॅबिनेटला अडकवणारी अर्ध्या उंचीची पट्टी सोबत आहे का, कारण जुन्या कार्डांबरोबर बऱ्याचदा लांब पट्टीच मिळते. कार्ड दोन स्लॉटची जागा घेतं, म्हणून शेजारचा स्लॉट रिकामा हवा. आणि मागे चारही मिनी डिस्प्लेपोर्टच आहेत. टीव्हीवर (एचडीएमआयमधून) ४के चित्र ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० वेळा बदलणारं हवं असेल तर ‘अ‍ॅक्टिव्ह’ अ‍ॅडॉप्टर घ्या, साध्या पॅसिव्ह अ‍ॅडॉप्टरवर बहुधा ३० हर्ट्झवर अडकाल. पीसीत रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावा, नाहीतर प्रोसेसरच कार्डाला खोळंबून ठेवील.

टेस्ला पी४० सारख्या सर्व्हर कार्डांपासून लांब राहा. २४ जीबी मेमरी वाचून मोह होतो, पण त्याला मॉनिटरसाठी पोर्टच नाही. स्वतःचा पंखाही नाही. वीज घ्यायला मदरबोर्डच्या प्रोसेसरला लागतो तसला आठ पिनांचा जोड लागतो. दिसायला सारखी म्हणून ग्राफिक्स कार्डाची वायर त्यात दामटून बसवली तर कार्ड जळू शकतं.

आता आपल्या गोव्याच्या हवेचं. ए४००० सारखं एका स्लॉटचं कार्ड एका छोट्या पंख्यावर जगतं. मे महिन्यात बंद खोलीत ते सहज ८० अंशांच्या वर जातं, आवाज वाढतो आणि क्लॉक उतरतो. दोन-तीन पंख्यांचं गेमिंग कार्ड इथे जास्त शांत राहतं. वीज वाचवायची असेल तर आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये त्याची पॉवर लिमिट (वीज वापराची मर्यादा) ७० टक्क्यांवर आणा. वेग त्या मानाने फार थोडा घटतो. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. त्यावर ३०० वॉटचं कार्ड ठेवलं तर वीज जाताच पीसीही जाईल.

कळंगुट, बाणावली अशा किनाऱ्यालगतच्या घरांत खारी हवा तांब्याला हिरवा थर आणते. सेकंडहँड कार्ड घेताना टॉर्च लावून पंख्याच्या पात्यांमधून आत बघा, हिरवट-पांढरा थर दिसला तर सोडून द्या. कार्डाची स्लॉटमध्ये बसणारी सोनेरी टोकं नुसती काळवंडली असतील तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सुटणाऱ्या कापडाने पुसता येतात. मग जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून कोअरची आणि मेमरीची संख्या कंपनीच्या आकड्यांशी ताडा, कारण जुन्या चिपवर नवं नाव चढवून विकलेली कार्डंही सापडतात. शेवटी अर्धा तास जड गेम चालवून ठेवा. चित्रात ठिपके किंवा पट्टे आले, किंवा पडदा काळा होऊन ड्रायव्हर पुन्हा सुरू झाला, तर पैसे देऊ नका.