वनस्पतींच्या सेक्शनचं फ्लुरोसंट स्टेनिंग

झाडाच्या मुळाचा, खोडाचा नाहीतर पानाचा पातळ काप घ्यायचा, त्याला असा रंग द्यायचा जो अल्ट्राव्हायोलेट (यूव्ही) किंवा निळ्या प्रकाशात स्वतःच उजळतो, आणि तो फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली बघायचा, ह्याला फ्लुरोसंट स्टेनिंग म्हणतात. प्रॅक्टिकलला सॅफ्रॅनिन हा लाल रंग लावून आपण जो टी.एस. (आडवा छेद) काढतो त्यात रंग प्रकाश अडवतो म्हणून दिसतो. इथे रंगाचे रेणू कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषून जास्त तरंगलांबीचा सोडतात आणि मागे सगळं काळं असतं, त्यामुळे पेशीभित्तिकेवर जरासा रंग बसला तरी ती लख्ख दिसते. फ्लुरोसन्स हा शब्द स्टोक्सने १८५२ मध्ये आणला.

झाडांच्या बाबतीत खरी भानगड अशी की काहीही न लावता झाड मुळातच चमकतं. लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य) यूव्हीखाली निळं, क्लोरोफिल लालभडक, आणि मका, गहू अशा गवतवर्गीय पिकांच्या पेशीभित्तिकेत फेरुलिक आम्ल असतं ते निळं दिसतं आणि अमोनियाचा थेंब टाकला की हिरवट होतं (हे एकदा तरी करून बघाच, भारी दिसतं). म्हणून रंग न लावलेला एक सेक्शन शेजारी ठेवल्याशिवाय कुठलाही फोटो माझ्या मते धरू नये, कारण ती चमक रंगाची की झाडाची हे नुसतं बघून सांगता येत नाही. ग्लुटाराल्डिहाइडमध्ये फिक्स केलेलं (म्हणजे पेशी जशाच्या तशा टिकाव्यात म्हणून बुडवून ठेवलेलं) मटेरियल तर आणखीच चमकतं. ही आपसूक चमक दाबायला टोल्युइडिन ब्लू वापरतात.

सेल्युलोजसाठी (पेशीभित्तिकेतलं मुख्य द्रव्य) कॅल्कोफ्लुअर व्हाइट. हा मुळात कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून वापरायचा ब्राइटनर, सुती कापड म्हणजे सेल्युलोजच, तेव्हा तो पेशीभित्तिकेलाही धरतो आणि यूव्हीखाली निळा दिसतो. त्याच कारणाने स्लाइडवर एखादी झगझगीत निळी तार दिसली तर लगेच हरखू नका, बहुतेक वेळा तो ॲप्रनचा नाहीतर टिश्यू पेपरचा तंतू निघतो.

कॅलोजसाठी (परागनलिकेच्या भित्तिकेत वगैरे असणारं, सेल्युलोजसारखंच साखरेच्या रेणूंच्या साखळीचं द्रव्य) अॅनिलिन ब्लू, आणि ह्यात गंमत म्हणजे निळा रंग चमकतच नाही, चमकते ती त्यातली सिरोफ्लुअर नावाची अशुद्धी! फॉस्फेट बफरमध्ये अल्कलाइन केलं की द्रावणाचा निळेपणा जातो आणि मग कॅलोज पिवळट हिरवं उजळतं. पण काम अशुद्धीवर चालतं म्हणजे एका बाटलीने जमलेलं दुसऱ्या बाटलीने जमेलच असं नाही. परागनलिका कुक्षीवृंतातून कुठवर पोचली हे बघायला आजही ह्याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

मुळांसाठी मात्र बर्बेरीन-अॅनिलिन ब्लू. बर्बेरीन म्हणजे दारुहळदीचं लाकूड ज्यामुळे पिवळं असतं तेच द्रव्य. ब्रुंड्रेट, एन्स्टोन आणि पीटरसन ह्यांनी १९८८ मध्ये ही पद्धत मांडली: ०.१ टक्के बर्बेरीन हेमिसल्फेटमध्ये सेक्शन तासभर, धुवून ०.५ टक्के अॅनिलिन ब्लूमध्ये अर्धा तास, परत धुवून ०.१ टक्के फेरिक क्लोराइड घातलेल्या ५० टक्के ग्लिसरीनमध्ये माउंट. इथला अॅनिलिन ब्लू कॅलोजसाठीही असतो पण मुख्य काम नको तिथली चमक झाकायचं. कांद्याचं मूळ घ्या, हे सगळ्यात हुकमी. एंडोडर्मिसच्या (मुळातल्या वाहक ऊतींभोवतीचा पेशींचा थर) शेजारशेजारच्या पेशींमधल्या भिंतींवर कॅस्पॅरियन पट्टी (भित्तिकेतून पाणी झिरपू न देणारा पट्टा) पिवळी ठिपक्यांसारखी दिसते, पेशीमागे पेशी, मण्यांच्या माळेसारखी, आणि कांद्यात एक्सोडर्मिसमध्येही (मुळाच्या सालीखालचा बाहेरचा थर) तशीच दुसरी माळ असते. सॅफ्रॅनिनने हे बघायचं तर डोळे फोडून घ्यावे लागतात.

कापायला मायक्रोटोम असला तर उत्तम, नसला तर बटाट्याच्या नाहीतर गाजराच्या तुकड्याला खाच पाडून त्यात मूळ धरायचं आणि ओल्या नव्या ब्लेडने कापत जायचं, दहा-पंधरा कापांतला एखाददुसरा सरळ आणि पातळ निघतो, तो ब्रशने उचलायचा. बाकीचे जाड-तिरके काप फेकूनच द्या, कारण जाड कापात खालच्या थरांची चमक वर येते आणि चित्र धुरकट होतं.

प्रकाश पडत राहिला की रंग विटतो, त्यामुळे फोकस शक्यतो साध्या प्रकाशात करायचा, फोटो काढायच्या वेळेलाच यूव्हीचं शटर उघडायचं आणि लगेच बंद करायचं.