जुनी मशीद, नवी मशीद : बेने इस्रायलांच्या प्रार्थनेची पार्श्वभूमी

नवगावच्या किनाऱ्याला लागलेली सात जोडपी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ ही बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजाची कथा मराठी वाचकाला पाठ आहे. तिच्यानंतरची बरीच शतके अंधारातच राहिली. प्रार्थनास्थळाचा इतिहास मात्र फार अलीकडचा. त्याआधी सुंता, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस), उपास आणि ‘शमा’ ही एका देवाची ग्वाही देणारी प्रार्थना एवढेच कोकणातल्या घराघरांतून टिकून होते. हिब्रू वाचणारा माणूस गावात सहसा नसे आणि सेफेर, म्हणजे तोरा या ज्यू धर्मग्रंथाची कातड्यावर हाताने लिहिलेली गुंडाळी, तीही नसे. लग्नकार्याला समाजातलाच काजी येई.

मुंबईत मांडवी भागात १७९६ साली समाजाचे पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, उभे राहिले. ते बांधणारा सॅम्युअल दिवेकर कंपनीच्या पलटणीतला देशी अधिकारी होता. म्हैसूरच्या लढाईत कैद झाला, जिवंत सुटलो तर प्रार्थनास्थळ बांधीन असा त्याने नवस केला, असे परंपरा सांगते. १८६० मध्ये ते आजच्या जागी आले. हिब्रू नाव ‘शाआर हारहामीम’, दयेचे दार. पण समाजात कित्येक पिढ्या ते ‘जुनी मशीद’च होते, आणि १८४० साली दुसरे सिनेगॉग झाले ते ‘नवी मशीद’.

‘मशीद’ हा शब्द आज अनेकांना खटकतो. परकीय राजवटीचा ठसा म्हणून तो पुसून टाकावा, असे म्हणणारे समाजातही आहेत. हे म्हणणे फारसे टिकत नाही. जंजिऱ्याच्या आणि आंग्र्यांच्या मुलखात राहणाऱ्या माणसांपुढे ‘मूर्ती नसलेले, एका देवाचे सामुदायिक प्रार्थनेचे घर’ यासाठी तयार शब्द एकच होता, तो त्यांनी घेतला. लग्न लावणारा काजी झाला, काही उपास ‘रोजे’ झाले आणि हिब्रू पंचांगातल्या एलूल महिन्याला ‘रमजान’ म्हटले गेले. त्याच तोंडी नव्याचा सण, खिरीचा सण आणि दारफळणीचा सण अशी अस्सल कोकणी नावेही होती. दारफळणी म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा उपासाचा दिवस. त्या दिवशी पांढरे कपडे घालायचे, दारे लावून घ्यायची आणि कोणाला शिवायचे नाही. मंडळीचा कारभारही गावगाड्यातलाच: मुखिया तो मुकादम, त्याच्या हाताखाली चौगुले. खजिनदार गब्बाई आणि व्यवस्था बघणारा शमाश ही नावे मात्र हिब्रू. मुंबईच्या मशीद रेल्वे स्टेशनचे नाव याच जुन्या मशिदीवरून पडले, असे समाजात ठामपणे सांगतात. आसपास मुसलमानांच्याही मशिदी असल्याने वाद मिटत नाही, पण शेजारी सॅम्युअल स्ट्रीट आणि इस्रायल मोहल्ला आहेत, हेही विसरता येत नाही. गंमत म्हणजे पुण्यात बगदादी, म्हणजे इराककडून आलेल्या ज्यूंनी १८६७ मध्ये बांधलेल्या लाल विटांच्या सिनेगॉगला पुणेकर ‘लाल देऊळ’ म्हणतात. त्यावर कोणी तक्रार करत नाही.

एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले, सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या ज्यूंच्या पद्धतीच्या प्रार्थना शिकवल्या गेल्या, आणि रेवदंडा (१८४२), अलिबाग (१८४८), पनवेल (१८४९), पेण (१८६३) अशी सिनेगॉगे होत गेली. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हाग्गादा मराठीत छापली गेली, कीर्तनेही झाली.

शनिवारच्या सकाळी हेखाल, म्हणजे सेफेर ठेवायचे कपाट, उघडून सेफेर बाहेर काढतात, तेबा या वाचनाच्या चौथऱ्यावर ठेवतात आणि आठवड्याचा पाठ सात जणांना बोलावून वाचतात. वाचणाऱ्यापुढे स्वर नसतात, विरामचिन्हे नसतात, त्यामुळे पाठ आधीच पक्का करावा लागतो. एका सेफेरात ३,०४,८०५ अक्षरे. एखादे तुटले किंवा दुसऱ्याला चिकटले, तरी दुरुस्ती होईपर्यंत ते सेफेर वाचनातून बाद. कोकणच्या दमट हवेत कातडे फुगते, आकसते आणि शाईचा पापुद्रा सुटतो. शिवाय दुरुस्ती करणारा प्रशिक्षित लेखनिक हवा. म्हणून पावसाळ्यानंतर गुंडाळी पूर्ण उलगडून बघणे हे शहाणपणाचे.

किद्दूशला, म्हणजे शब्बाथ-सणाच्या पेल्यावरच्या आशीर्वादाला, द्राक्षासव नसले तर काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करतात. मलिद्याला धुतलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची आणि सुका मेवा घेतात. एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलियाहू, याच्या नावाने आशीर्वाद म्हणून तो वाटायचा. ताटातल्या फळांना एकच आशीर्वाद चालत नाही. खजूर झाडाचा, केळे मात्र जमिनीचे, कारण केळीला लाकडी खोड नसते. नवख्या यजमानाची चूक हमखास इथेच होते.

खरा तंटा झाला तो दहा कोण, यावर. मिन्यानला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेच्या किमान संख्येला, तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. मुंबईतले काही बगदादी बेने इस्रायलांना त्या दहांत धरायला तयार नव्हते. यांचे वंश शुद्ध नाहीत, असा आरोप. रंगूनच्या सिनेगॉगमध्ये हाच वाद १९३०च्या दशकात न्यायालयात गेला आणि निकाल बेने इस्रायलांच्या बाजूने लागला. इस्रायलमध्ये १९६० नंतर विवाह नोंदणीच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा निघाला. निदर्शने, उपोषणे झाल्यावर १९६४ मध्ये तिथल्या सरकारने त्यांना सर्व बाबतींत ज्यू मानले. आज मुंबई-पुण्याच्या बगदादी सिनेगॉगांत दहा जण पुरे होतात ते बहुतांशी बेने इस्रायलांमुळेच. १९४८ नंतरच्या स्थलांतराने वीस हजारांच्या आसपासचा समाज काही हजारांवर आला. २०१६ मध्ये महाराष्ट्राने त्याला अल्पसंख्याक दर्जा दिला.

अलिबाग-पेणच्या गावांत मात्र दर्जा असूनही दहा जमत नाहीत. माणसे आकड्यांनी मोजायची नाहीत, म्हणून दहा हिब्रू शब्दांचे एक वचन म्हणत एकेकाकडे एकेक शब्द द्यायचा. आठव्या शब्दाशीच माणसे संपली, की थोडा वेळ थांबतात, शेजारच्या गावाला फोन होतो. कोणी आले नाही तर सेफेर हेखालातच राहते, दहांशिवाय न म्हणायच्या कद्दीश आणि केदुशा या प्रार्थना गाळून जो तो आपापली प्रार्थना म्हणतो.