तयार घर की गवंड्याचं घर : पुण्यातली पार्श्वभूमी

पौड ओलांडून ताम्हिणीकडे निघालं की रस्त्याच्या कडेला तयार घरांचे, म्हणजे भिंतींची पॅनेल कारखान्यात बनवून जागेवर जोडलेल्या घरांचे, फलक दिसू लागतात. दोन-पाच गुंठे घेतलेला पुणेकर तिथे थांबतो, नमुन्याचं घर आतून-बाहेरून पाहतो आणि निघताना हमखास भिंतीवर बोटाने टकटक करतो. आवाज पोकळ आला की त्याचा चेहरा पडतो. ही टकटक मला महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामागे या शहराच्या काही पिढ्यांचा अनुभव आहे.

खरं तर सुटे भाग आधी घडवून घर उभं करणं पुण्याला नवं नव्हतं. वाड्यांचा सांगाडाच तसा असे. दगडी जोत्यावर सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. सुतार हे सगळं खाली जमिनीवर तासून, जोडाच्या खाचा पाडून तयार करत आणि मग वर चढवत. घराचं मापही खणांत सांगत. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण, म्हणून घर पाच खणांचं किंवा सात खणांचं. एखादा खांब कुजला तर पेठेतला कुठलाही सुतार तो बदलून देई. वाडा उतरवला तरी लाकूड वाया जात नसे. आजही पाडलेल्या वाड्यांचे खांब विकले जातात आणि नव्या घरांत पुन्हा उभे राहतात.

पुढे मात्र झटपट उभं राहणारं घर पुण्यात संकटाबरोबरच येत गेलं. १८९७ च्या प्लेगमध्ये लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहिले. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या आणि हजारो कुटुंबं एका दिवसात उघड्यावर आली. त्यांच्यातल्या अनेकांच्या वाट्याला निसन हट आल्या. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, ब्रिटिश सैन्यातल्या मेजर पीटर निसन यांनी सैनिकांसाठी बेतलेली ही अर्धगोल पन्हाळी पत्र्याची बराक. थोडी माणसं काही तासांत ती उभी करू शकत. पण त्यात संसार करायचा म्हणजे उन्हाळ्यात पत्रा तापणार, पावसात बोलणं ऐकू येणार नाही आणि गोल भिंतीला कपाट टेकणार नाही. गोखलेनगर, सहकारनगरसारख्या भागांत पुढे पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या. लोकांनी त्या छोट्या घरांना हळूहळू खोल्या जोडल्या, मजले चढवले, आणि ते सगळं केलं ओळखीच्या गवंड्याने. तयार घर म्हणजे तात्पुरतं आणि गवंड्याचं घर म्हणजे आपलं, हे समीकरण तिथे पक्कं झालं असं मला वाटतं.

सरकारी प्रयोगानेही विश्वास वाढवला नाही. फाळणीनंतर निर्वासितांसाठी दिल्लीत घरांचा सरकारी कारखाना निघाला. सच्छिद्र काँक्रीटच्या मोठ्या भिंती साच्यात ओतून जागेवर जोडायच्या, अशी ती योजना. त्या भिंतींना तडे गेले आणि मूळ बेत गुंडाळावा लागला. तोच कारखाना पुढे हिंदुस्थान हाउसिंग फॅक्टरी झाला आणि विजेचे खांब, रेल्वेचे स्लीपर अशा काँक्रीटच्या मालाकडे वळला.

पुण्याने यातून वेगळी वाट काढली आणि तिचं बरंच श्रेय बी. जी. शिर्के यांना जातं. वाईजवळच्या पसरणीचा हा मुलगा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकला आणि १९४४ मध्ये बांधकामाच्या धंद्यात उतरला. पुढे त्यांनी हलके सच्छिद्र ठोकळे बनवण्याचं स्वीडनचं सिपोरेक्स तंत्र मुंढव्याच्या कारखान्यात आणलं. सिमेंट आणि वाळूच्या ओल्या मिश्रणात ॲल्युमिनियमची भुकटी घातली की वायूचे बुडबुडे धरतात, मिश्रण फुगतं, आणि मग ते दाबाखालच्या वाफेत भाजून पक्कं करतात. ठोकळा विटेपेक्षा खूप हलका आणि उष्णता कमी आत घेणारा. शिर्क्यांनी पोकळ खांब, तुळया आणि स्लॅबचे तुकडे कारखान्यात घडवून इमारती उभ्या करण्याची पद्धतही बसवली. म्हाडा आणि सिडकोची घरं त्या पद्धतीने झाली.

पण एकट्या-दुकट्या घरात रुजला तो फक्त ठोकळा. कारण साधं आहे : तो गवंड्याच्या हातात मावतो. सूत, ओळंबा आणि थापी घेऊन तो विटेसारखाच रचता येतो. आज पुण्यात स्थानिक ठेकेदार बांधतो त्या घराचे ठोकळे कारखान्यातून येतात आणि मोठ्या स्लॅबचं काँक्रीटही मिक्सरच्या ट्रकमधून येतं. निम्मं घर कारखान्यातलंच असतं, आपण त्याला तयार घर म्हणत नाही एवढंच.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने मात्र गवंड्यावरच्या आंधळ्या विश्वासालाही धक्का दिला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदं माणसांवर कोसळली, तर लाकडी खणांचे सांगाडे काही ठिकाणी उभेच राहिले. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. संस्थांनी आणि ठेकेदारांनी बांधून दिलेली घरं मजबूत होती, पण बरीच गुरांना, धान्याला आणि एकत्र कुटुंबाला सोयीची नव्हती. दुसरीकडे एक लाखाहून अधिक कुटुंबांनी सरकारी मदत आणि अभियंत्यांचा सल्ला घेऊन गावच्या मिस्त्रीकडून घर दुरुस्त केलं. गवंड्याला नवं तंत्र शिकवलं तर तो ते उचलतो, हे तिथे दिसलं.

म्हणून आज निवड करताना भिंतीच्या आवाजापेक्षा पैशाचे टप्पे पाहावेत. गवंड्याला आपण जोतं, लिंटल, स्लॅब, प्लास्टर असे हप्ते देतो. काम बिघडलं तर पुढचा हप्ता आपल्या हातात असतो. तयार घराची मोठी रक्कम माल कारखान्यातून निघण्याआधीच द्यावी लागते. स्वतःच्या जमिनीवर घर बांधून घेणाऱ्याला महारेराचा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, आधार सहसा नसतो. मात्र घरबांधणी ही सेवा १९९३ च्या दुरुस्तीपासून ग्राहक संरक्षण कायद्यात आहे, त्यामुळे लेखी करार आणि पावत्या दोन्हीकडे हव्यातच. सुटं करून हलवता येतं म्हणून तयार घराला परवानगी लागत नाही, हा समजही खोटा आहे.

आणि मुळशीच्या पावसात खरा प्रश्न येतो तो जोत्याशी. पॅनेल कारखान्याचे असले तरी जोतं स्थानिक गवंडीच बांधतो. ते बोटभर तिरकं निघालं की पॅनेलच्या बुडातून पाणी आत येतं, कंपनी गवंड्याकडे बोट दाखवते आणि गवंडी कंपनीच्या नकाशाकडे. जोत्याची पातळी आणि बोल्टच्या जागा कोण तपासणार आणि कोण सही करणार, हे पहिला पैसा देण्याआधी करारात लिहून घ्यावं.