एफएक्स-८३५० आणि कोअर आय५-३५७०के

एएमडी व इंटेल या अमेरिकन कंपन्यांनी २०१२ साली विक्रीस आणलेले डेस्कटॉप संगणकांचे दोन प्रोसेसर. दोघांची किंमत जवळजवळ सारखी होती, पण अंतर्गत रचना मुळातच वेगळी होती. त्यामुळे ‘कोणता घ्यावा’ या ग्राहकाच्या साध्या प्रश्नाचे उत्तर ‘कोअर (प्रोसेसरमधील आकडेमोड करणारा घटक) म्हणजे काय’ या शास्त्रीय वादावर येऊन ठेपले. अशी दुसरी जोडी डेस्कटॉप प्रोसेसरांच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

आय५-३५७०के हा इंटेलच्या ‘आयव्ही ब्रिज’ पिढीतला. त्याची घोषणा २३ एप्रिल २०१२ रोजी झाली व विक्री त्याच महिन्याच्या अखेरीस सुरू झाली, त्यामुळे दोन वेगवेगळ्या तारखा दिलेल्या आढळतात. तो २२ नॅनोमीटर तंत्राने घडवलेला असून त्यात ४ कोअर, ४ थ्रेड (एकाच वेळी चालणारे सूचनांचे प्रवाह), ६ एमबी तिसऱ्या पातळीची कॅशे (प्रोसेसरमधील जलद साठवण) आणि अंगभूत ग्राफिक्स आहे. त्याचा मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्झ, कमाल टर्बो वेग ३.८ गिगाहर्ट्झ आणि औष्णिक मर्यादा (पूर्ण भाराने निघणाऱ्या उष्णतेचे माप) ७७ वॅट आहे. एफएक्स-८३५० हा ‘पाइलड्रायव्हर’ रचनेवरचा प्रोसेसर २३ ऑक्टोबर २०१२ रोजी आला. त्याचे तंत्र ३२ नॅनोमीटरचे, वेग ४.० ते ४.२ गिगाहर्ट्झ, दुसऱ्या व तिसऱ्या पातळीची कॅशे प्रत्येकी ८ एमबी आणि औष्णिक मर्यादा १२५ वॅट असून अंगभूत ग्राफिक्स नाही. त्याच्या ट्रान्झिस्टरसंख्येबाबत जुने आकडे जपून वापरावेत. याच मांडणीच्या, आधीच्या ‘बुलडोझर’ रचनेवरच्या एफएक्स-८१५० साठी एएमडीने प्रथम २ अब्ज हा आकडा दिला होता आणि डिसेंबर २०११ मध्ये तो स्वतःच १.२ अब्ज असा दुरुस्त केला.

कोअरच्या व्याख्येचा वाद : एफएक्स-८३५० ‘आठ कोअरचा’ म्हणून विकला गेला. प्रत्यक्षात त्यात ४ मॉड्यूल आहेत. प्रत्येक मॉड्यूलमध्ये पूर्णांकांची गणिते करणारे दोन स्वतंत्र विभाग असून त्या प्रत्येकाला स्वतःचा शेड्युलर (कामांचा क्रम लावणारा भाग) व स्वतःची १६ केबी डेटा कॅशे आहे. सूचना आणून त्यांची फोड करणारा पुढचा भाग, ६४ केबी सूचना-कॅशे, दशांश अपूर्णांकांची गणिते करणारा फ्लोटिंग पॉइंट विभाग आणि २ एमबी दुसऱ्या पातळीची कॅशे मात्र दोघांत सामाईक आहे. याच मुद्द्यावरून २०१५ साली कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात एएमडीविरुद्ध ग्राहकांच्या वतीने सामूहिक दावा दाखल झाला. सामाईक भागांमुळे हे आठ कोअर स्वतंत्रपणे काम करू शकत नाहीत, असे वादींचे म्हणणे होते. हा दावा २०१९ साली १ कोटी २१ लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. तडजोड झाल्यामुळे कोअरची व्याख्या न्यायालयाने कधीच ठरवून दिली नाही, हे ध्यानात घ्यावे. ‘एफएक्समध्ये चारच कोअर असल्याचे न्यायालयात सिद्ध झाले’ हे पुष्कळदा वाचायला मिळणारे विधान चुकीचे आहे.

फ्लोटिंग पॉइंट विभाग सामाईक आहे म्हणून मॉड्यूलमधील पूर्णांक-विभाग हा कोअरच नव्हे, हा युक्तिवाद इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. इंटेलच्या ३८६ मध्ये असा विभाग मुळीच नव्हता, त्यासाठी वेगळा ३८७ बसवावा लागे. तरीही ३८६ ला कोणी अपुरा प्रोसेसर म्हटले नाही. सन या कंपनीच्या २००५ सालच्या अल्ट्रास्पार्क टी१ मध्ये तर आठही कोअरना मिळून एकच फ्लोटिंग पॉइंट विभाग होता आणि तो आठ कोअरचा म्हणूनच ओळखला गेला. खरी अडचण अधिक करून सूचना आणून फोडणाऱ्या त्या सामाईक भागात दिसते. मॉड्यूलमधील सूचना फोडणारा विभाग एका चक्रात (प्रोसेसरच्या घड्याळाच्या एका ठोक्यात) जास्तीत जास्त चार सूचना हाताळतो आणि दोन्ही थ्रेड चालू असताना तो आळीपाळीने एकेकाला वेळ देतो. आय५ मधील प्रत्येक कोअरला मात्र असा स्वतंत्र विभाग असून शिवाय एकदा फोडलेल्या सूचना साठवून ठेवणारी छोटी कॅशेही आहे. पुढच्या ‘स्टीमरोलर’ रचनेत एएमडीने प्रत्येक पूर्णांक-विभागाला वेगळा फोड-विभाग दिला आणि फ्लोटिंग पॉइंट विभाग सामाईकच ठेवला, ही बाब याच निष्कर्षाला पुष्टी देते. तथापि स्टीमरोलरचा वेगही अपेक्षेइतका वाढला नाही, हे पाहता लहान डेटा कॅशे व दुसऱ्या पातळीच्या कॅशेचा संथपणा यांचाही वाटा मानावा लागतो.

मॉड्यूलच्या कल्पनेचे जनकत्वही निर्विवाद नाही. शेजारच्या कोअरनी काही भाग वाटून घ्यावेत, ही कल्पना राकेश कुमार, नॉर्मन जुप्पी व डीन टलसेन यांनी २००४ साली एका शोधनिबंधात सविस्तर मांडली. इंटेलच्या पी६ या प्रोसेसर-रचनेच्या रचनाकारांपैकी एक असलेले अँडी ग्लू यांनी, एका पुढच्या भागावर अनेक पूर्णांक-विभाग चालवण्याचा विचार आपण बुलडोझरच्या बराच आधी केला होता, असे म्हटले आहे. डेक कंपनीच्या अल्फा २१२६४ या प्रोसेसरमध्ये पूर्णांक-विभाग दोन गटांत विभागलेला होता खरा, पण ते दोन्ही गट एकाच थ्रेडसाठी राबत. म्हणून त्याला पूर्वज म्हणण्यापेक्षा दूरचा नातलग म्हणणे योग्य. या कल्पनेचे श्रेय कोणा एकाला देता येईल असे वाटत नाही.

कामगिरी : सिनेबेंच आर११.५ या चाचणीत एकाच थ्रेडवर एफएक्स-८३५० ला सुमारे १.१, तर आय५-३५७०के ला सुमारे १.६ गुण मिळतात. वेगातील फरक लक्षात घेता प्रत्येक चक्रामागे आय५ दीडपटीहून अधिक काम उरकतो. सर्व थ्रेड वापरल्यावर चित्र उलटते आणि एफएक्स सुमारे ६.९ विरुद्ध ६ असा पुढे जातो. सेव्हन-झिपने फाइली दाबणे किंवा एक्स२६४ ने व्हिडिओ एन्कोडिंगची दुसरी फेरी, अशा कामांतही एफएक्स सरस ठरतो. उलट त्या काळातील बहुतेक खेळ एकदोन थ्रेडवरच अवलंबून असल्यामुळे तेथे आय५ स्पष्टपणे पुढे होता. विंडोज ७ ला मॉड्यूलची जाणीव नसल्यामुळे दुसरे मॉड्यूल रिकामे असतानाही दोन थ्रेड एकाच मॉड्यूलवर पडत. यावर मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली आणि विंडोज ८ मध्ये हे वाटप सुधारले. म्हणून जुनी मोजमापे पाहताना ती कोणत्या विंडोजवर घेतली आहेत, हे आधी तपासावे.

किंमत आणि मोल : एफएक्स-८३५० ची आरंभीची किंमत १९५ डॉलर होती, तर आय५-३५७०के ची घाऊक किंवा किरकोळ दरानुसार सुमारे २१० ते २३० डॉलर. सिलिकॉनच्या तुकड्याचे क्षेत्रफळ मात्र अनुक्रमे सुमारे ३१५ व १६० चौरस मिलिमीटर होते. म्हणजे एएमडीला जवळजवळ दुप्पट सिलिकॉन कमी किमतीत द्यावे लागत होते. ग्राहकाचा लाभ आणि निर्मात्याची ओढाताण या दोन्ही गोष्टी या एका तुलनेत दिसतात. ग्राहकाचा लाभही निखळ नव्हता. एफएक्स ज्यांवर बसतो त्या स्वस्त एएम३+ मदरबोर्डांवरील वीजपुरवठ्याचे भाग १२५ वॅटच्या भाराने तापत आणि वेग आपोआप उतरे. औष्णिक मर्यादेतील ४८ वॅटचा फरक रोज ४ तास पूर्ण भाराने धरला, तर वर्षाला सुमारे ७० युनिट जास्त वीज लागते. प्रतियुनिट ८ रुपये दराने ही रक्कम ५६० रुपयांच्या आसपास जाते, म्हणजे दोनतीन वर्षांत खरेदीतली बचत बहुतांशी संपते. हलक्या वापरात हा फरक बराच कमी होतो.

क्लॉक वाढवण्याची मुभा दोहोंत आहे. एफएक्सचे धातूचे आवरण सिलिकॉनला झाळलेले आहे, तर आय५ मध्ये त्या जागी औष्णिक पेस्ट असल्यामुळे वेग वाढवताच तापमान झपाट्याने चढते. आभासी यंत्रे (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालणारे संगणक) चालवणाऱ्यांसाठी एक बारकावा महत्त्वाचा आहे : ‘के’ नसलेल्या साध्या आय५-३५७० मध्ये असलेली व्हीटी-डी ही, आभासी यंत्राला प्रत्यक्ष उपकरण थेट वापरू देणारी सुविधा ३५७०के मध्ये नाही.

उत्तरकाळ : २०१३ च्या अखेरीस आलेल्या प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन या दोन्ही यंत्रांत एएमडीचे आठ कोअर होते. त्यानंतर खेळांची रचना अधिक थ्रेडांकडे झुकली आणि एफएक्सचे मागे पडणे काही खेळांत कमी झाले. तो सर्वत्र पुढे गेला, असे मात्र म्हणता येत नाही. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन या सुरक्षादोषाची झळ इंटेलला बसली, एएमडीला नाही. हॅसवेल (आयव्ही ब्रिजनंतरची पिढी) व त्याआधीच्या प्रोसेसरांवर दुरुस्तीमुळे वेग अधिक घटेल, असे मायक्रोसॉफ्टने त्या वेळी सांगितले होते. एव्हीएक्स२ सूचना (एका फटक्यात अनेक आकडे हाताळणाऱ्या) दोघांतही नाहीत आणि विंडोज ११ ची अधिकृत मान्यताही दोघांना नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी जुना माल घेताना एक भेद उपयोगी पडतो. एफएक्सच्या पिना प्रोसेसरलाच असतात, म्हणून तो उलटा करून डोळ्यांच्या रेषेत आडवा धरावा. वाकलेली पिन ओळीतून लगेच वेगळी दिसते. आय५ च्या खालच्या बाजूस फक्त सपाट सोनेरी ठिपके असतात व पिना मदरबोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, त्यामुळे तेथे प्रोसेसर काढून सॉकेट उजेडात तपासावे लागते.