शंभर की तीनशे? कारखाना बंद करण्याच्या परवानगीमागचा वाद

औद्योगिक विवाद कायद्याची जागा घेणारी औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ले-ऑफ (काम नसल्यामुळे कामगाराला तात्पुरतं घरी बसवणं), कामगार कपात आणि कारखाना बंद करणे या तिन्हींसाठी सरकारची आगाऊ परवानगी घेण्याची मर्यादा त्यामुळे १०० कामगारांवरून ३०० वर गेली. उद्योजकांच्या संघटनांनी चाळीस वर्षं सर्वांत जास्त ताकद लावली ती या एका मागणीमागे. पण ३०० हा आकडा नवा नाही. १९७६ च्या मूळ तरतुदीत तोच होता.

कामगार कायद्यांबाबत मालकांनी एकत्र येऊन सरकारदरबारी बाजू मांडणं १८८१ च्या फॅक्टरी कायद्याइतकं जुनं आहे. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांच्या दबावाखाली आपल्यावर बंधनं लादली जात आहेत, असं मुंबईचे गिरणीमालक तेव्हा सांगत. १९१९ नंतर जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेत सरकार आणि कामगारांबरोबर मालकांचाही प्रतिनिधी पाठवावा लागू लागला. फक्त कामगार प्रश्न पाहणाऱ्या देशपातळीवरच्या मालक संघटना त्यानंतर, १९३० च्या दशकात उभ्या राहिल्या. १९४२ पासून सरकार, मालक आणि कामगार यांच्या देशातल्या त्रिपक्षीय परिषदेत त्यांना कायमची खुर्ची मिळाली.

औद्योगिक विवाद कायद्याच्या १९५३ च्या दुरुस्तीचं तत्त्व साधं होतं: कामगार कमी करायचा तर करा, पण एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्या आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्या. शेवटी लागला तो आधी जाईल. मालकांनी कुरकुर केली, पण हिशेब करता येण्यासारखा खर्च म्हणून ते मान्यही केलं.

खरी ठिणगी मार्च १९७६ मध्ये पडली. आणीबाणी चालू होती, संपांवर दडपण होतं, किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला होता. त्याच सरकारने औद्योगिक विवाद कायद्यात ‘प्रकरण पाच-ब’ घातलं. ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखाना, खाण किंवा मळ्याला आता नुसते पैसे देऊन भागणार नव्हतं, सरकारची परवानगी हवी होती. कामगारांचं तोंड बंद करणाऱ्या काळाने त्यांची नोकरी मात्र पक्की केली. हे प्रकरण कुठल्याच बाजूच्या सोयीच्या गोष्टीत बसत नाही ते म्हणूनच.

मुंबईतला निर्यातीसाठी तयार कपडे शिवणारा, सुमारे ४०० कामगारांचा एक कारखाना सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७८ मध्ये न्यायालयाने बंदच्या परवानगीचं कलम घटनाबाह्य ठरवलं. परवानगी नाकारताना कारणं द्यायचं बंधन नव्हतं, उत्तराला मुदत नव्हती, दाद मागायला जागा नव्हती. हे आक्षेप पद्धतीबद्दलचे होते, म्हणजे दुरुस्त होण्यासारखे. १९८२ च्या दुरुस्तीने ते दुरुस्त केले आणि जाता जाता मर्यादा ३०० वरून १०० वर आणली. अडीच लाख गिरणी कामगारांचा संप तेव्हा मुंबईत चालू होता. ही मर्यादा २१ ऑगस्ट १९८४ पासून लागू झाली. मालकांनी कोर्टात जे जिंकलं, त्याहून जास्त संसदेत गमावलं. पुढे १९९२ मध्ये कपातीच्या परवानगीचं कलम आणि २००२ मध्ये नव्या रूपातलं बंदचं कलम न्यायालयात वैध ठरलं.

बंदच्या परवानगीच्या या कलमाचं काम असं चाले. बंद करण्याच्या तारखेआधी किमान ९० दिवस अर्ज, त्याची प्रत कामगारांच्या प्रतिनिधींना, मग सुनावणी. सरकारने ६० दिवसांत उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं. नकार आला तर तो एक वर्ष लागू. परवानगीशिवाय बंद केलं तर कायद्याच्या नजरेत कारखाना चालूच, आणि पूर्ण पगाराचं देणं रोज वाढत जातं. कागदावर हे नेमकं दिसतं. प्रत्यक्षात मंत्रालयात ‘होय’वर सही करायला कोणी तयार नसे, त्यामुळे साठाव्या दिवसाच्या आत नकार यायचा. मग मालक अर्जाच्या वाटेलाच जाईनात. वीजबिल थकवायचं, कच्चा माल थांबवायचा, पगार लांबवायचे, टाळेबंदी करायची, स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढे करायचा. कामगाराच्या हाती ना नोकरी, ना वेळेवर भरपाई. मालक संघटनांच्या निवेदनांत हा मुद्दा असे आणि तो खरा होता.

पण त्याच निवेदनांत दुसरी बाजू नसे. ही मर्यादा मोजायची कशी? मागच्या १२ महिन्यांत कामाच्या दर दिवशी सरासरी किती कामगार होते, ते पाहायचं. व्याख्येत बसणारेच धरायचे. व्यवस्थापक बाहेर, ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगार घेणारे पर्यवेक्षक बाहेर (ही मासिक पगारमर्यादा १९८४ पासून १,६०० आणि २०१० पासून १०,००० रुपये होती), आणि कंत्राटदाराच्या हजेरीपटावरचे कामगारही बहुधा बाहेर. एका शेडखाली २५० माणसं राबत असताना मस्टरवर ९५ ठेवता येत. त्यातही सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या निकालाने कंत्राटी पद्धत बंद केली तरी कामगार आपोआप मूळ कंपनीत कायम होत नाही, हे स्पष्ट केलं. कारखान्यांच्या वार्षिक पाहणीनुसार २०००-०१ मध्ये साधारण पाचांतला एक कामगार कंत्राटी होता. २०२२-२३ मध्ये पाचांतले दोन. कायद्याचा फास आवळलेला असताना ही वाढ झाली, म्हणजे फास कुठे ढिला होता ते दिसतं.

२००१ च्या अर्थसंकल्पी भाषणात मर्यादा एकदम १,००० करायची आणि भरपाई १५ वरून ४५ दिवसांची करायची, असा सौदा मांडला गेला. तो कायद्यात उतरला नाही. २००२ मध्ये दुसऱ्या राष्ट्रीय श्रम आयोगाने बंदच्या परवानगीसाठी ३०० सुचवले. वादाला आकडेवारीचं बळ दिलं ते २००४ च्या एका गाजलेल्या अभ्यासाने. राज्यांनी केलेल्या दुरुस्त्यांना ‘कामगारधार्जिणी’ किंवा ‘मालकधार्जिणी’ असे गुण देऊन त्यांची औद्योगिक वाढीशी सांगड घातली होती. त्यात गुजरात कामगारधार्जिणं ठरलं, का, तर संयुक्त व्यवस्थापन मंडळाबाबतचा नियम मोडल्यास दिवसाला ५० रुपये दंड करणारी १९७३ ची एकच दुरुस्ती! इतर अर्थतज्ज्ञांनी ही मोजणी उघडी पाडली, तरी धोरणाच्या कागदांत तो निष्कर्ष फिरतच राहिला.

२०१४ मध्ये राजस्थानने मर्यादा ३०० केली. दरम्यान मुदतबंद नोकरीचा, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर थेट कामगार नेमण्याचा मार्ग २००३ मध्ये उघडला, २००७ मध्ये बंद झाला, २०१६ मध्ये कपडे उद्योगासाठी आणि मार्च २०१८ मध्ये सर्वांसाठी पुन्हा उघडला. मुदत संपली म्हणून नोकरी गेली तर ती कपात ठरत नाही, त्यामुळे १०० आणि ३०० चा प्रश्नच येत नाही. त्रिपक्षीय परिषद २०१५ मध्ये भरली. त्यानंतर सप्टेंबर २०२० मध्ये संहिता मंजूर होईपर्यंत ती भरली नाही. कामगार संघटनांचा राग आकड्याइतकाच यावरही आहे, आणि तो रास्त आहे.

संहितेत १५ दिवसांची भरपाई तशीच आहे. तिच्याशिवाय, कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने शेवटच्या पगाराचे १५ दिवसांचे पैसे पुनर्कौशल्य निधीत भरायचे आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचे, ही तरतूद नवी. २००१ च्या सौद्यातले ४५ दिवस कुठेच नाहीत. स्थायी आदेशांची, म्हणजे नोकरीच्या अटींच्या लेखी नियमांची सक्तीही आता ३०० पासून. महाराष्ट्रात ती ५० पासून होती. संपासाठी १४ दिवसांची नोटीस सर्वच आस्थापनांना लागू झाली, पूर्वी ती लोकोपयोगी सेवांपुरती होती. आणि परवानगीच्या कलमात ‘३०० किंवा अधिसूचित होईल तेवढी जास्त संख्या’ असे शब्द आहेत. खासगी कारखान्यांसाठी ही अधिसूचना राज्य सरकार काढू शकतं. पुढच्या वाढीसाठी संसदेत विधेयक आणावं लागणार नाही, आणि मालक संघटनांची पुढची निवेदनं राज्यांच्या कामगार खात्यांकडे जातील.