राजस्थान पोलीस प्रयोग

राजस्थान पोलीस दल आणि अर्थशास्त्रज्ञांचा एक गट यांनी २००५ ते २००८ या काळात मिळून केलेला प्रयोग. ठाण्याची पायरी चढणाऱ्या सामान्य माणसाला बरी वागणूक कशाने मिळेल, हे त्यात प्रत्यक्ष मोजून पाहिले गेले. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, राघवेंद्र चट्टोपाध्याय, डॅनियल केनिस्टन आणि तेव्हा भारतीय पोलीस सेवेत असलेल्या अधिकारी नीना सिंह हे त्याचे संशोधक. पोलीस अधिकारी स्वतःच संशोधक असणे ही या सहकार्याची मोठी जमेची बाजू होती.

लोक आणि पोलीस यांच्यात दुरावा किती आहे, हे आधी घरोघरच्या पाहणीतून समोर आले. गुन्ह्याची झळ बसलेल्यांपैकी जेमतेम ३० टक्क्यांच्या आसपास लोक पोलिसांपर्यंत गेले होते. जे जात, त्यांचीही फिर्याद नोंदवली जाईलच असे नव्हते. हद्दीतील गुन्ह्यांचा आकडा वाढला की ठाणेदाराला वर जाब द्यावा लागतो. त्यापेक्षा तक्रारदाराची बोळवण करणे सोपे. दुसरीकडे शिपाई-हवालदारांना आठवड्याची सुट्टी नाही, ड्यूटीचा नेम नाही आणि बदलीची टांगती तलवार कायम. अशा थकलेल्या माणसाकडून सौजन्याची अपेक्षा करताना त्याच्या कामाची स्थितीही सुधारली पाहिजे, हा विचार प्रयोगाच्या मुळाशी होता आणि तो रास्तच होता.

११ जिल्ह्यांतील १६२ ठाणी निवडून, कोणत्या ठाण्यात कोणती सुधारणा करायची हे सोडतीने ठरवण्यात आले. मनमानी बदल्या थांबवणे, साप्ताहिक सुट्टी व ड्यूटीची पाळी लावणे, परिसरातील नागरिकाला दिवसातले काही तास निरीक्षक म्हणून ठाण्यात बसू देणे आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे, अशा या सुधारणा होत्या. प्रशिक्षणात तपासाच्या शास्त्रीय पद्धतींबरोबर तक्रारदाराशी बोलावे कसे, तंटा मिटवावा कसा, हेही शिकवले गेले.

ठाण्यातील वागणूक तपासण्याची रीत विशेष होती. संशोधकांचा माणूस साधा तक्रारदार बनून ठाण्यात जाई आणि चोरीची फिर्याद देऊ पाही. ठाणे अंमलदार त्याला बसवतो, हुसकावतो की लिहून घेतो, याची नंतर नोंद होई. खोटा गुन्हा दाखल होऊ नये म्हणून पोलीस फिर्याद लिहायला तयार झाले की तो आपली ओळख सांगून टाकी. मोजमापासाठी योजलेल्या या भेटींचा ठाण्यांवरच परिणाम झाला: समोरचा माणूस तपासणीला आलेला असू शकतो हे कळल्यावर फिर्याद नोंदवून घेण्याची तयारी वाढली.

प्रशिक्षणाचा परिणाम सर्वांत ठोस ठरला. पीडितांचे समाधान वाढले. बदल्या रोखण्याचाही काही बाबतींत फायदा दिसला. सुट्टी, पाळी आणि नागरिक निरीक्षक यांचा मात्र खात्रीलायक परिणाम आढळला नाही. या तिन्ही गोष्टींची अंमलबजावणी रोज व्हायला हवी होती, आणि वरून आदेश येऊनही ती अनेक ठिकाणी ढिली पडली. त्यामुळे नागरिकांना ठाण्यात बसवणे निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष यावरून काढणे चूक ठरेल. भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८पासून उभ्या केलेल्या, वस्तीतले नागरिक आणि पोलीस यांच्या मोहल्ला कमिट्यांचा अनुभव वेगळे सांगतो: १९८४च्या भीषण दंगलीत होरपळलेले हे शहर १९९२-९३मध्ये मुंबई पेटलेली असताना शांत राहिले. मात्र तिथे सोडतीने निवडलेली तुलनेची ठाणी नव्हती, त्यामुळे त्या शांततेतला कमिट्यांचा वाटा आकड्यांत सांगता येत नाही.

याच धर्तीवर पुढे मध्य प्रदेशात १८० ठाण्यांत महिला मदत कक्षांची चाचणी झाली. कक्ष असलेल्या ठाण्यांत महिलांवरील हिंसाचाराच्या तक्रारी अधिक नोंदवल्या गेल्या, आणि कक्षाचा कारभार महिला पोलिसांकडे होता तिथे हा फरक विशेष दिसला. २०२१मध्ये त्या राज्याने ‘ऊर्जा’ नावाने असे कक्ष ७०० ठाण्यांत सुरू केले.