एकाला मानवते ते दुसऱ्याला नाही : व्यक्तिगत आहारसल्ल्याची पार्श्वभूमी

वजन कमी करण्यासाठी प्रत्येकाला त्याच्यापुरता वेगळा आहार सुचवावा, ही कल्पना आज लाळेच्या नमुन्यावरून होणाऱ्या जनुकीय चाचण्या आणि मोबाइल अॅप यांच्या संगतीने येते. म्हणून ती याच शतकातली वाटते. वास्तविक चरकसंहितेच्या विमानस्थान या भागात आहारासंबंधी ज्या आठ बाबी सांगितल्या आहेत, त्यांत पदार्थाचा गुण, त्यावरील संस्कार, मात्रा, देश आणि काळ यांच्या जोडीने उपयोक्ता, म्हणजे खाणारा माणूस आणि त्याच्या अंगवळणी पडलेले अन्न, यांचाही विचार आहे. मात्र आजच्या आहारशास्त्राची वाट तिथून निघालेली नाही. ती युरोप-अमेरिकेतील मोजमापांतून आली, आणि त्या वाटेवर खाणारा माणूस बराच काळ नजरेआड झाला होता.

लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा व्यवसाय असलेले विल्यम बँटिंग १८६२ मध्ये पासष्ट वर्षांचे होते आणि त्यांचे वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो, होते. बुटाची नाडी बांधण्यासाठी त्यांना वाकता येत नसे आणि जिना उतरताना उलट्या पावलांनी उतरावे लागे. ऐकू कमी येते म्हणून ते विल्यम हार्वे या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. हार्वे यांनी पॅरिसमध्ये फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांची मधुमेहावरील व्याख्याने ऐकली होती. त्या आधारावर त्यांनी बँटिंग यांचा पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा बंद केला. सुमारे वर्षभरात ४६ पौंड वजन उतरल्यावर बँटिंग यांनी १८६३ मध्ये स्वखर्चाने एक पुस्तिका छापली आणि ती हातोहात खपली. एका डॉक्टरने एका रुग्णासाठी ठरवलेले पथ्य अशा रीतीने सरसकट सर्वांचे झाले. पुढच्या दीडशे वर्षांत गाजलेल्या बहुतेक आहारपद्धतींची कुळकथा थोड्याफार फरकाने हीच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्बर अॅटवॉटर यांनी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, बंद खोलीत माणसांना काही दिवस ठेवून त्यांच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता मोजली, आणि अन्नाचा हिशेब कॅलरीत मांडण्याची पद्धत रूढ झाली. १९१९ मध्ये हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी वजन, उंची, वय आणि लिंग या चार गोष्टींवरून विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेची गरज काढण्याचे सूत्र दिले. ते आजही वापरात आहे आणि उपयोगीही आहे. पण या चारही बाबतींत सारख्या असलेल्या दोघांना ते एकच आकडा देते.

या हिशेबातली उणीव ठळकपणे पुढे आली ती कॅनडात. क्लोद बुशार आणि सहकाऱ्यांनी एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांना शंभर दिवसांच्या काळात आठवड्यातून सहा दिवस गरजेपेक्षा रोज १,००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कोणाचे वजन जेमतेम ४ किलोंनी वाढले होते, तर कोणाचे १३ किलोंनी. शिवाय जुळ्या भावांमधला फरक कमी, तर दोन वेगळ्या जोड्यांमधला बराच जास्त होता.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये दिलेले उदाहरण तर स्वतःचेच होते. ते आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन या दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २२.३ होता, मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के होती. भारतीयांसाठी या इंडेक्समधील जादा वजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ धरावी, ही २००९ मधील भारतीय तज्ज्ञांची शिफारस याच धर्तीच्या निरीक्षणांवर उभी आहे.

जनुकसंच उलगडल्यावर अपेक्षा फार वाढल्या, आणि इथेच जाहिराती विज्ञानाच्या पुढे धावल्या. सात युरोपीय देशांतील ‘फूडफॉरमी’ प्रयोगात व्यक्तिगत सल्ला सर्वसाधारण सल्ल्यापेक्षा सरस ठरला खरा, पण त्यात जनुकीय माहितीची भर घातल्याने आणखी लाभ दिसला नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१८ मधील अभ्यासात ६०९ जणांना कमी चरबीचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार वर्षभर देण्यात आला. दोन्ही गटांत सरासरी साधारण सारखेच वजन घटले आणि कोणाला कोणता आहार लागू पडेल, हे निवडलेल्या जनुकांवरून सांगता आले नाही. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१५ मध्ये ८०० जणांची रक्तशर्करा मोजून, एकच पदार्थ खाल्ल्यावर ती प्रत्येकात वेगवेगळी चढते हे दाखवले होते. परंतु अशा अंदाजांवर बेतलेला आहार न्यूयॉर्कमध्ये २०४ जणांवर तपासला असता, २०२२ च्या निष्कर्षांनुसार तो वजन घटवण्यात सर्वसाधारण आहारापेक्षा सरस ठरला नाही.

बॉस्टनमध्ये १६० जणांवर चार प्रचलित आहारपद्धती ताडून पाहणारा २००५ चा अभ्यास मला या सर्वांत अधिक बोलका वाटतो. आहार कोणता होता यापेक्षा तो किती पाळला गेला, याच्याशी वजनातील घट निगडित होती. अनुभवी आहारतज्ज्ञ रक्ततपासणीचे अहवाल पाहतातच. पण त्याआधी कालच्या चोवीस तासांत काय खाल्ले ते विचारतात, वाटी केवढी होती हे हाताने दाखवायला लावतात, आणि रात्रपाळी, उपवास, घरी स्वयंपाक कोण करते, सवय भाकरीची की पोळीची, याची नोंद घेऊन मगच तक्ता लिहायला घेतात.